जुन्या-नव्या मराठी सिनेमावर स्वतःचं मत कसं बनवायचं?

'सैराट' थिएटरात पाहिलाय, 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर येता-जाता पाठ झालाय आणि बाकीचा मराठी सिनेमा म्हणजे नुसती ऐकलेली नावं. बऱ्याच जणांचं असंच असतं. मग गप्पांत कुणी 'सामना'चं नाव काढलं की ही मंडळी मान डोलावतात आणि कुणी 'झिम्मा' आवडला म्हणालं की समोरचे काका नाक मुरडतात. दोघांचंही मत उसनं. काकांनी 'झिम्मा' पाहिलेला नसतो आणि मान डोलावणाऱ्याने 'सामना'.

इथे पुढे बरीच नावं येतील, पण 'हे बघाच' छापाची यादी द्यायचा माझा विचार नाही. सांगायची आहे ती एक सवय: सिनेमे सुटे पाहू नका, जोडीनं पाहा. एकाच नटाची दोन कामं, एकाच प्रकारची दोन पात्रं, एकाच गोष्टीची दोन रूपं. शेजारी ठेवायला दुसरं काहीच नसलं की 'भारी' आणि 'बोअर' या दोन शब्दांपलीकडे गाडी जात नाही.

१. ओळखीचा चेहरा धरा आणि मागे जा

उत्साही माणसं नवख्याला थेट १९३६ चा 'संत तुकाराम' लावून देतात. सिनेमा थोर आहे, पण ही सुरुवात चुकीची. कानाला त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची सवय नसते, कॉपी खरखरीत असते, वीस मिनिटांत डोळे मिटायला लागतात आणि 'जुने सिनेमे आपल्यासाठी नाहीत' असा शिक्का बसतो तो कायमचा.

त्याऐवजी आज पडद्यावर दिसणारा एखादा नट निवडा आणि त्याचं बोट धरून मागे जा. दिलीप प्रभावळकर यासाठी फार सोयीचे. २०२५ च्या 'दशावतार'मध्ये वयाची ८० ओलांडलेल्या या माणसानं कोकणातला दशावतारी कलावंत उभा केला. तिथून २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी पाहा. त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो या भूमिकेबरोबरच 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठीही होता. आणखी मागे गेलात की १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू आणि १९९१ च्या 'चौकट राजा'मधला मतिमंद नंदू. यांतले कुठलेही दोन लागोपाठ पाहा. नंदू आणि तात्या विंचू एकाच माणसानं दोन वर्षांच्या अंतरानं केलेत हे कळल्यावर 'हा चांगला नट आहे' असं कुणी तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. मला विचाराल तर 'चौकट राजा' हा सिनेमा काही ठिकाणी अश्रूंच्या जरा जास्तच मागे लागतो. प्रभावळकर मात्र लागत नाहीत. सिनेमा आणि नट यांचे गुण वेगवेगळे मोजायचे असतात, हे समजायला ते उदाहरण पुरेसं आहे.

प्रभावळकर नको असतील तर गीतांजली कुलकर्णी घ्या. 'गुल्लक' या हिंदी वेबमालिकेतली आई बहुतेकांना माहीत असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) त्याच सरकारी वकील आहेत. कोर्टात कलमं वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते. कॅमेरा लांब, स्थिर. चेहऱ्याजवळ जाऊन 'आता बघा हं' असं कुठेच म्हणत नाही. 'गुल्लक'मध्ये त्यांचा आवाज घरभर फिरतो, 'कोर्ट'मध्ये तो कागदावरून उठतच नाही.

२. जोड्या लावा

मुख्य काम इथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

श्रीराम लागू यांचे दोन मास्तर ही माझी सगळ्यात आवडती जोडी. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'त (१९७२) तमाशाला विरोध करणारे आदर्श गुरुजी तमासगिरिणीच्या नादानं घसरत जातात. गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारतं आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो. तीन वर्षांनी जब्बार पटेल यांच्या 'सामना'त लागू पुन्हा मास्तरच आहेत. पण इथे घसरण आधीच होऊन गेली आहे: दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक कुठून तरी हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावात येऊन पडतो आणि मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच विचारत राहतो. दोन्ही पडलेली माणसं. पहिल्यात पडणं दाखवायचं आहे म्हणून लागू मोठ्या रेषांनी काम करतात. आवाज, डोळे, हातवारे, सगळं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. दुसऱ्यात तोच माणूस आवाज खाली आणतो. आता कुणी 'लागू म्हणजे नाटकी' असं म्हणालं तर 'पिंजरातले की सामनातले?' असं विचारता येतं. 'पिंजरा'तलं ते मोठेपण मला व्यक्तिशः थोडं दमवतं, पण शांतारामांचा तो सिनेमा सगळाच त्या पट्टीत आहे. तिथे एकट्या लागूंनी कुजबुजून चाललं नसतं.

'सामना'तून निळू फुले घ्या आणि 'सिंहासन'कडे (१९७९) जा. दिग्दर्शक तेच, पटकथाकार तेच विजय तेंडुलकर. 'सामना'त फुले म्हणजे साखरसम्राट; सगळं गाव त्याच्या मुठीत. 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार, ज्यांच्या हातात काहीच नाही. मंत्री येतात, बोलतात, डाव टाकतात, दिगू ऐकतो. निळू फुले म्हणजे पाटील आणि त्याची वाकडी नजर, एवढीच ओळख असलेल्यांनी 'सिंहासन' अवश्य पाहावा. प्रत्यक्षात हा माणूस सेवादलातून, लोकनाट्यातून आलेला, चळवळींना जोडलेला. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णानं त्यांना पडद्यावरचा खलपुरुष करून टाकलं आणि मग निर्मात्यांनी तेच पुन्हा पुन्हा मागितलं. नट एकसुरी आहे की त्याला एकच सूर दिला गेलाय, हा प्रश्न मनात ठेवूनच जुने सिनेमे पाहावेत.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच टोचतो. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सगळ्यांना माहीत आहे, त्यावर नव्यानं काय सांगणार. त्याच्या शेजारी 'एक होता विदूषक' (१९९२) ठेवा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पु. ल. देशपांडे यांची पटकथा आणि तमाशातला सोंगाड्या ते सिनेमाचा नट ते राजकारण असा प्रवास करणारा नायक. हा सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही आणि बेर्डे पुन्हा विनोदी कामांकडे वळले. सिनेमा सलग चांगला आहे असं मी म्हणणार नाही, उत्तरार्धात तो रेंगाळतो. पण हसवणाऱ्या माणसाचा थकवा बेर्डे यांनी जसा दाखवलाय, तो पाहिल्यावर 'बनवाबनवी'तली त्यांची पार्वती वेगळीच दिसते. साडी नेसून केलेला चावटपणा एवढंच ते काम नाही. त्यात वेळेचं जे अचूक भान आहे ते आधी हसण्यात वाहून गेलेलं असतं.

स्मिता पाटील: 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२). एकीकडे रानातली मोकळी ठाकर चिंधी, दुसरीकडे घर सोडून महिला सुधारगृह चालवायला निघालेली शिकलेली सुलभा. चालण्यातला फरक बघा, बाकी सगळं नंतर. जाता जाता एक आडवळण: १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त ज्या हंसा वाडकर आहेत, त्यांच्या आत्मचरित्राचं नावही तेच, आणि त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) केला. त्यात मुख्य काम स्मिता पाटील यांचं, आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही. आधी हंसाबाई, मग त्यांच्या आयुष्यावर बेतलेलं स्मिताचं काम, अशी जोडी दुसऱ्या कुठल्या मराठी नटीची लावता येईल असं मला वाटत नाही.

३. बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा

अभिनय कुठे शोधायचा हे नवख्याला कळत नाही, कारण लक्ष संवादाकडे असतं. उपाय साधा आहे. एखादा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना नजर गप्प असलेल्या माणसावर ठेवा. 'सिंहासन'मध्ये हे करायला भरपूर वाव आहे. 'फँड्री'त (२०१३) तर याची मजा आणखी वेगळी. सोमनाथ अवघडे हा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेला मुलगा आणि किशोर कदम हे मुरलेले नट, बाप-लेक म्हणून शेजारी उभे. कोण 'करतंय' आणि कोण नुसतं 'आहे' हे ओळखता येतं का बघा. कदम यांनी स्वतःचं नटपण इतकं पुसून टाकलंय की मुलाशेजारी ते उपरे वाटत नाहीत. याचं श्रेय बऱ्याचदा सगळं मुलाच्याच खात्यावर जमा होतं.

आवाज बंद करून दोन मिनिटं पाहणं हाही जुना, पण उपयोगी प्रयोग. उलटाही करून पाहा: स्क्रीनकडे पाठ करा आणि फक्त ऐका. अशोक सराफ यांचं विनोदी काम डोळे मिटून ऐकलं की कळतं, अर्धा विनोद शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

४. आता कृष्णधवलकडे या

सवय झाली की प्रभातकडे वळा. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या त्याच जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हाचे बरेच नट रंगभूमीवरून आले होते. नाटकात आवाज फेकायचा असतो, आणि सुरुवातीच्या बोलपटांत आवाज टिपण्याची साधनंही बेताची. त्यामुळे आज कानाला ठासून बोलल्यासारखं वाटतं. त्याला लगेच 'ओव्हरअॅक्टिंग' म्हणू नका. आधी बघा, त्याच सिनेमातले बाकीचे कसे बोलतायत.

हे करून पाहिलंत की 'संत तुकाराम'मधलं आश्चर्य उलगडतं. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले. त्यांचा तुकाराम मात्र इतका हळुवार की जणू कॅमेरा समोर नाहीच. आणि त्यांच्यासमोर गौरी या नटीची जिजाई: चिडणारी, भांडणारी, मुलाच्या आजारपणात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला जाणारी. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला तो बहुतेकांना माहीत असतो. पण तो आज टिकलाय तो माझ्या मते जिजाईमुळे. ती नसती तर नुसता चमत्कारपट उरला असता.

त्याला जोड 'कुंकू'ची (१९३७). म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मानायलाच तयार नाही. शांता आपटे गप्प राहून जो नकार देतात तो आजच्या कुठल्याही नायिकेशेजारी ठेवा. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका: या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. गाणं असेल तर ते पडद्यावरच्या कुठल्या तरी खऱ्या ठिकाणाहून येतं, बाकी नुसते आवाज. नट कुठे कमी पडला तर वरून व्हायोलिनं सोडून सावरायची सोय नाही. केशवराव दाते यांचा म्हातारा नवरा चीड आणतो आणि शेवटी त्याची कीवही येते. ते सगळं त्यांनी एकट्यानं पेललंय.

५. श्रेय बरोबर माणसाला द्या

गाण्याच्या बाबतीत नवखे इथेच घसरतात. शांता आपटे आणि पागनीस स्वतः गात. पार्श्वगायन रुळल्यावर चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. 'सांगत्ये ऐका'तली बुगडीची लावणी जयश्री गडकर यांच्यामुळे जितकी लक्षात आहे तितकीच आशा भोसले यांच्यामुळे. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो सिनेमा १३१ आठवडे चालला, त्याचा हिशेब दोघींत कसा वाटायचा ते तुम्हीच ठरवा. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये (२०१५) खाँसाहेबांचा गळा राहुल देशपांडे यांचा आहे. सचिन पिळगावकर यांचं काम मला तिथे मनापासून आवडतं, पण ते गाण्यातलं नाही, मत्सरातलं. गाणं चालू असताना नव्हे, दुसरा गात असताना त्यांचा चेहरा बघा.

६. लगेच लिहा, दोन ओळी पुरतात

सिनेमा संपल्यावर परीक्षण वाचू नका, मित्राला फोनही करू नका. आधी मोबाइलवरच टिपा: कुठला प्रसंग आठवतोय, कोण खोटं वाटलं, का. 'का' लिहिताना बोटं अडतात. तिथे अडू द्या.

'रिंकू राजगुरूनं मस्त काम केलंय' ही नोंद नाही. 'पहिल्या भागात आर्ची बुलेट चालवताना कुणाकडे बघायची गरज नसल्यासारखी बसते, दुसऱ्या भागात तीच मुलगी परक्या शहरात आधी आजूबाजूला बघते आणि मग बसते', ही नोंद आहे. ती बरोबर असेल, नसेल. पुन्हा पाहून तपासता तरी येते. 'सैराट'साठी रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला हे सांगून मात्र वाद जिंकायला जाऊ नका. पुरस्कार आणि कमाई यांचे आकडे दाखवून गप्पा संपतात, पुढे जात नाहीत. 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रीय सुवर्णपदक मिळालं आणि पुढचं सुवर्णकमळ मराठीत यायला थेट 'श्वास' (२००४) उजाडावा लागला. मधल्या पन्नास वर्षांत चांगलं काही झालंच नाही असं त्यावरून कुणी म्हणेल का? 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' सगळे त्याच काळातले.

७. मोठ्यांशी वाद घालताना

'नटसम्राट'वर एकदा तरी हा वाद होणारच. १९७० मध्ये लागूंनी रंगमंचावर आप्पा बेलवलकर उभे केले, २०१६ मध्ये नाना पाटेकर यांनी पडद्यावर. घरातलं कुणी 'लागूंची सर नाही' म्हणालं तर त्यांना खोडून काढू नका, विचारा: काका, लागूंचं काय आठवतंय? ज्यांनी खरंच पाहिलंय ते आवाजाचा एखादा चढ-उतार सांगतात, कुठली जागा कशी घेतली ते सांगतात. ते ऐकून ठेवण्यासारखं असतं. बाकीच्यांना फक्त सर नाही एवढंच आठवतं. माझ्यापुरतं बोलायचं तर सिनेमात मला नानांपेक्षा विक्रम गोखले जास्त धरून ठेवतात. इस्पितळातला तो कर्ण-कृष्णाचा प्रसंग दोघांचा आहे, पण नाना उसळतात तेव्हा गोखले त्यांना उसळायला जागा देतात. हे पटलं नाही तर उत्तम. प्रसंग सापडायला सोपा आहे, पुन्हा लावा.

उलट बाजूनंही तेच. 'बाईपण भारी देवा' (२०२३) 'बायकांचा सिनेमा' म्हणून उडवून लावणाऱ्याला विचारा की सहा बहिणींपैकी कुणाचं काम कमी पडलं. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते एका चौकटीत असताना बाकीच्या चौघी कशा तग धरतात, हा खरा प्रश्न आहे. मला तिथली पटकथा फार सोयीची वाटते, कामं नाही वाटत.

८. कॉपी बघून घ्या

जुने सिनेमे यूट्यूबवर मिळतात, पण डोळे झाकून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नका. काही प्रतींत गाणी कापलेली असतात, काहींत चौकोनी चौकट ताणून रुंद केलेली असते. अशात नटांचे चेहरे पसरट दिसतात आणि शरीराची ठेवण कळतच नाही. दोन-तीन प्रतींची लांबी ताडून बघा, जास्त लांबीची आणि न ताणलेली घ्या. ओटीटीवर असेल तर प्रश्नच मिटला.

प्रभातच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. त्यांचे कित्येक सिनेमे मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित झालेले आहेत. 'कुंकू' शोधताना 'दुनिया न माने' लागेल, 'माणूस' शोधताना 'आदमी'. घाईत चुकीचा लावून पाहणाऱ्यांची कमी नाही. पण मुद्दाम दोन्ही पाहिलेत तर आयती जोडी हातात पडते. सगळ्यात छान 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१), एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा मित्र यांची गोष्ट. मिर्झाचं काम दोन्हींत गजानन जागीरदार यांचं. हिंदू मित्र मराठीत केशवराव दाते, हिंदीत मात्र मझहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू नट मुसलमान झालाय आणि मुसलमान नट हिंदू. मराठी आधी पाहा. मग हिंदी लावून जागीरदारांवर नजर ठेवा: समोरचा मित्र बदलला की त्यांच्या मिर्झाचं वागणं कुठे बदलतं, ते टिपून ठेवा.